ड्रायव्हर लिहिणारी फरहाना

फरहानाचे अब्बा, रशीदचाचा, आमच्या घरी कधी येत नसत. काही निरोप असला तर फरहानाच्या हाती पाठवत, नाहीतर फोन करत. त्यामुळे त्या सकाळी गेटाशी लुना थांबली आणि तिच्यावरून ऐंशीला टेकलेले चाचा उतरले, तेव्हाच माझ्या हातातली उलथणी हातातच राहिली. आत या म्हटलं तर त्यांनी मान हलवली. “वंदना बेटा, फरहाना गेली. पहाटे, फज्रच्या वक्ताले. तुले फोनवर सांगाचं... नाही वाटलं मले.” मग तेच म्हणाले, “चहा आहे का तुह्याकडे? घरी सगळे रडून राह्यले, चुलीपाशी कोणी नाही.” गेटाच्या खांबाला टेकून, उभ्या उभ्या त्यांनी तो चहा संपवला, कप माझ्या हातात दिला आणि परत गेले. किडनीच्या आजारानं फरहाना वर्षभर खचत चालली होती. आठवड्यापूर्वीच मी तिला भेटून आले होते. तरी ही बातमी अशी गेटापर्यंत चालत येईल, असं वाटलं नव्हतं.

यवतमाळच्या एका साप्ताहिकात चार ओळींची निधनवार्ता आली. ‘संगणक शिक्षिका फरहाना यांचे निधन.’ शिक्षिका मी आहे. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. फरहानानं आयुष्यात एका माणसालाही पैसे घेऊन शिकवलं नाही, तेवढा धीरच तिच्याकडे नव्हता. ती ड्रायव्हर लिहायची. हे वाक्य वाचून कोणाला हसू येईल, तर त्यात नवल नाही, कारण चाचांच्या दुकानापुढे ते रोज यायचं. मोटारपंपांचं वाइंडिंग करणारं त्यांचं दुकान, जळक्या वार्निशच्या वासाचं. गिऱ्हाइकानं विचारलं, पोरगी काय करते, की चाचा अभिमानानं सांगायचे, “ड्रायव्हर लिवते.” गिऱ्हाईक म्हणायचं, “कोणाचा ड्रायव्हर? एस्टीचा?” चाचांनाही नीट सांगता यायचं नाही. मग आतून फरहाना ओरडायची, “अब्बा, सांगा ना त्याइले, कॉम्प्युटरले बाहेरचं जग दिसत नाही. तारेवरून काय आलं ते त्याले आणून देनारा एक गडी लागते. तो गडी म्हंजे ड्रायव्हर!”

आम्ही यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी बोरी अरबहून आलेली, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, आणि तुरीच्या वावरात वाढलेली. ती शहरातली, पण हातांना कायम तांब्याच्या तारेचे ओरखडे. वर्गात इतर मुली वही-पेन नीट लावून ठेवत तेव्हा ही प्राध्यापकांना थांबवून विचारायची, “सर, पण हे काहून असं होते?” आणि उत्तर पटलं नाही तर तोंड पाडून बसायची. तिच्यात गोडवा नव्हता. मैत्रीण म्हणून ती अवघडच होती. माझ्या साडीचा रंग तिला आवडला नाही तर ती मला दारातच सांगायची, आणि माझ्या लग्नात, पंगत उठायच्या आधी, नवऱ्याला म्हणाली होती, “हिचं गणित चांगलं हाय, हिले घरात कोंडू नका.” तो बिचारा नुसता मान हलवत राहिला... पण त्यानं मला कोंडलं नाही, हेही खरं.

शिक्षण झाल्यावर आम्हां दोघींनाही लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत काम मिळालं. त्या वर्षांत यवतमाळचं नाव देशभर शेतकऱ्यांच्या मरणांमुळे घेतलं जात होतं. पऱ्हाटीवर अळी, अळीवर फवारा, फवाऱ्यानं अळी मरेना म्हणून दोन औषधं एकत्र करून पुन्हा फवारा. फवारता फवारता माणसं वावरातच चक्कर येऊन पडत. खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टर असेलच याची खात्री नाही, आणि शहरातला डॉक्टर दोन तास दूर. म्हणून एक योजना निघाली. गावच्या दवाखान्यात एक डबा बसवायचा आणि तालुक्याच्या बिनतारी मनोऱ्यामार्फत तो यवतमाळशी जोडायचा. सिस्टरनं रोग्याचे फोटो, हृदयाचा आलेख त्यातून पाठवायचा, इकडे बसलेल्या डॉक्टरनं तो बघून लगेच सांगायचं, हे दे, एवढं दे, आता थांब. तो डबा आमची कंपनी बनवायची. सर्किटाची बाजू माझ्याकडे होती, आणि डब्यातल्या नेटवर्क चिपचा ड्रायव्हर फरहानाचा. पहिले डबे बसले तेव्हा त्यातला एक बोरी अरबला गेला. आमच्या दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, दवाखान्यात जाऊन तो बघितला आणि मला फोनवर म्हणाला, “तुमचा डबा पायला. हिरवा दिवा लय जोरात लुकलुकते.”

त्याच पावसाळ्याच्या शेवटी दादा फवारणी करून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आला आणि तिथेच कोसळला. लोकांनी बैलगाडीत घालून त्याला दवाखान्यात आणलं. डॉक्टर नव्हते. कमल सिस्टर होत्या, गावातल्याच, आईच्या ओळखीच्या. त्यांनी डबा सुरू केला, यवतमाळचे डॉक्टर पडद्यावर आले, त्यांनी पहिलं इंजेक्शन सांगितलं. मग म्हणाले, डोळ्यांच्या बाहुल्यांचे फोटो पाठवा, आलेख पाठवा, घाई करा. सिस्टर एकामागून एक पाठवू लागल्या. नेमका तेव्हाच महिन्याचा अहवालही त्याच डब्यातून जात होता. पुढचा डोस किती, हे डॉक्टर सांगत असताना पडदा गोठला. आवाज बंद. हिरवा दिवा नुसताच जळत राहिला, लुकलुकेना. सिस्टरनं दोनदा बटण दाबलं, मग डब्याकडे बघणंच सोडलं. त्यांनी जीप बोलावली, दादाचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि यवतमाळपर्यंत त्याच्या तोंडातला फेस पुसत आल्या. दादा वाचला. पण कितीतरी दिवस मोठ्या दवाखान्यात होता, आणि पुढे बरेच महिने त्याच्या हाताची बोटं थरथरायची. त्याला बैलाची वेसण धरता येत नव्हती, याचंच त्याला जास्त वाईट वाटायचं.

मी दादासोबत दवाखान्यात असताना फरहाना एकदाच आली. दादाकडे बघितलं, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेली. मला ते लागलं. नंतर कळलं की ती तिथून थेट एसटीनं बोरी अरबला गेली होती, आणि तो डबा काढून, मांडीवर घेऊन परत आली होती. लोहाऱ्याला तिनं तो टेबलावर मांडला आणि त्याच्यामागे लागली. ऑफिसात नमुना म्हणून ठेवलेल्या आमच्या जुन्या डब्यावर कितीही माहिती लोटा, काही व्हायचं नाही. बोरी अरबचा डबाही एरवी शहाण्यासारखा चालायचा, पण खूप गर्दी झाली की कधीतरी अचानक गोठायचा. आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, म्हणाले, खेड्यातली वीज खराब, तिथंच काहीतरी झालं असणार. मलाही वाटलं की माझ्या सर्किटातच काही असेल. फरहाना नमाजला आणि जेवायला तेवढी उठायची.

मग एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली, खुर्ची ओढून बसली. “वंदे, चूक माही हाय.”

“कशाची?”

“लाईन तुटली त्याची. दादाची.”

तिनं कागदावर काढून दाखवलं. ड्रायव्हर सुरू होतानाच मेमरीतली थोडी जागा स्वतःसाठी राखून ठेवतो आणि तिचे सारखे तुकडे पाडतो. तारेवरून येणारं-जाणारं माहितीचं प्रत्येक पाकीट चिप परस्पर पहिल्या मोकळ्या तुकड्यात ठेवते, त्याचं काम झालं की तुकडा पुन्हा मोकळा. ऑफिसातल्या नमुन्यानंतर, गावांत बसवलेल्या डब्यांत चिप बदलली होती. ह्या नव्या चिपला प्रत्येक तुकडा ठरावीक हद्दीवरच सुरू झालेला लागायचा, मधूनच कुठूनही नाही. फरहानानं त्याप्रमाणे ड्रायव्हर सुधारला होता. प्रत्येक तुकडा थोडा पुढं सरकवून हद्दीवर आणला होता. पण सरकवलं की मध्ये फट राहते, आणि त्या सगळ्या फटींसाठी मुळात राखलेली जागाच वाढवायला हवी होती. ती तिनं वाढवली नव्हती. जुन्याच हिशेबानं जागा घेतली आणि नव्या हिशेबानं तुकडे पाडले. त्यामुळे शेवटचा तुकडा राखीव जागेच्या बाहेर, दुसऱ्याच कशाच्या तरी जागेत जाऊन पडत होता. आणि शेवटच्या तुकड्याची पाळी कधी येणार? आधीचे सगळे भरलेले असतील तेव्हा. म्हणजे गर्दीत. तिनं राखीव जागेच्या पलीकडे एक ओळखीची खूण भरून ठेवली होती, आणि डब्यावर माहितीचा लोंढा सोडला होता. डबा गोठला तेव्हा खूण पुसलेली होती.

“साधं दिवसभर चालते ते,” ती म्हणाली. “ज्या दिवशी मानूस मराले टेकते ना, त्याच दिवशी मरते ते.”

ही गोष्ट तिनं मला सांगितली नसती तर मला कधीही कळली नसती. मालकांना कळली नसती, डॉक्टरांना तर नाहीच. गपचूप दुरुस्त करून ती पुढच्या खेपेत घालू शकली असती. मी तिच्याकडे बघत बसले, आणि मला दादाची थरथरती बोटं दिसत होती. ती क्षमा वगैरे मागत बसली नाही. म्हणाली, “मी साहेबाले सांगतो. पण पयले दादाले सांगाचं हाय. चालतं का संगं?”

दादा नुकताच घरी आला होता, पडवीतल्या खाटेवर बसून होता. फरहाना त्याच्या समोर जमिनीवर बसली. आई दाराशी उभी. फरहानानं सांगितलं, आणि दादाच्या चेहऱ्यावरून त्याला काही समजलं नाही हे बघून पुन्हा सांगितलं, ह्यावेळी बोटानं मातीत रेघा ओढत. समजा तुम्ही वावरात सरकीचे तास, म्हणजे ओळी, पाडताय. दोन तासांतलं अंतर वाढवलं, पण तास तेवढेच ठेवले, आणि वावर काही वाढलं नाही. मग शेवटचा तास कुठे जाईल? “शेजाऱ्याच्या वावरात,” दादा म्हणाला. “तसंच झालं,” ती म्हणाली. “मी तास मोजले, अंतर मोजलंच नाही. तुमच्या जिवावर आलतं ते, दादा.”

आईनं डोळ्याला पदर लावला होता, आणि ती फरहानावर चिडली आहे की काय, मला कळत नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी आईनं मला सांगितलं की त्या घटकेला तिला फरहानाला घराबाहेर काढावंसं वाटलं होतं. दादानं खाली बघत, एका हातानं दुसरा हात धरून विचारलं, “मंग बाकीच्या गावात जे डबे बसवले, त्याइचं काय?”

फरहाना उठली. “तेच,” एवढंच म्हणाली.

साहेबांना तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. पण योजनेचा पुढचा टप्पा मंजुरीला होता, आणि डब्यात दोष निघाला हे वरपर्यंत गेलं असतं तर कंपनी बसली असती, आमच्यासकट. त्यांनी तोडगा काढला, सगळ्या सिस्टरना कळवायचं की रोज सकाळी डबा एकदा बंद करून सुरू करा. दुरुस्ती पुढच्या खेपेत शांतपणे होईल. फरहाना म्हणाली, “साहेब, बंद-चालू केल्यानं जागा वाढत नाही. गर्दी दुपारी झाली तं?” साहेब म्हणाले, “एवढी गर्दी रोज होते का?” ती म्हणाली, “रोज नाही होत. म्हनूनच तं.”

तिनं आठवडाभराची सुटी टाकली. सुधारलेला ड्रायव्हर सीडीवर घेतला आणि एसटीनं गावोगाव हिंडली. दारव्ह्याकडची गावं, मग आर्णीकडची, मग जिथं दिवसातून एकच गाडी जाते तिथली. काही ठिकाणी मी गेले होते तिच्यासोबत. पोचल्यावर ती आधी सिस्टरना सांगायची, आमच्या डब्यात चूक होती, ती मी केली होती, आता बदलते. सिस्टर घाबरायच्या, कोणी रागवायच्या. एक सिस्टर म्हणाल्या, “बाई, हे सांगाले कायले आल्या तुमी? आमचा भरोसा गेला ना आता.” फरहाना म्हणाली, “भरोसा गेला तं बरं. डबा बंद पडला तं वाट पाहू नका. जीप बोलवा.” परतताना मी तिला म्हटलं, अगं, हे शेवटचं तरी बोलायला नको होतं. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “कमल सिस्टरनं तेच केलं ना. म्हनून दादा आहे.”

ती परत आली तेव्हा साहेबांना सगळं कळलं होतं. त्यांनी तिला काढलं नाही, ओरडलेही नाहीत. फक्त तिच्या टेबलावरचं काम हळूहळू दुसऱ्याकडे जायला लागलं. दिवाळीआधी तिनं राजीनामा दिला. योजना पुढे दोनेक वर्षं चालली आणि इतर योजनांसारखी विझली. कारण आमचा डबा नव्हता, मनोऱ्यांची देखभाल थांबली हे होतं. पण तोवर तो डबा पुन्हा गोठला नाही. मी पॉलिटेक्निकात लागले, ती घरी गेली.

घरी म्हणजे दुकानाच्या वरच्या खोलीत. पुण्याहून, हैदराबादहून तिला बोलावणी आली. एकदा सहा महिने जाऊनही आली, आणि म्हणाली, “तिथं सगळे हो म्हंतात वं. कोनी काहून म्हनून विचारतच नाही.” मग वरच्या खोलीतूनच, खालच्या वाइंडिंगच्या घरघरीवर, ती बाहेरच्या कंपन्यांसाठी ड्रायव्हर लिहू लागली. कधी फुकट, जगभरातले लोक मिळून लिहितात त्या कोडमध्येही. मी जायचे तेव्हा ती कोणा परदेशी माणसाशी ईमेलवरून भांडत असायची, जागेच्या मापावरून आणि हद्दीवरूनच बहुतेक. जिथं जिथं तिनं अशी राखीव जागा मोजली, तिथं त्या ओळीच्या वर रोमन लिपीत मराठीत एक टीप असायची, ‘इथे मी एकदा चुकले होते, अंतर धरून मोजा.’ एका गोऱ्या माणसानं तिला विचारलं होतं, ही कुठली भाषा? तिनं टीप काढली नाही, खाली इंग्रजी भाषांतर तेवढं जोडलं. तिनं लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिनं मलाच ‘काहून?’ म्हणून उलट विचारलं असतं.

दादा आणि तिची पुढे एक वेगळीच गट्टी जमली. पऱ्हाटीचा हंगाम सुरू झाला की ती त्याला फोन करायची, तोंडाला फडकं बांधतो का, वाऱ्याच्या दिशेनं फवारतो का, दोन औषधं एकत्र केली का. दादा कावायचा. “तुह्यासारखी सासू नाही पायली,” म्हणायचा. पण बांधायचा फडकं. शेवटच्या भेटीत तिचे पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. मी उगाच इकडचं-तिकडचं बोलत होते, तर मधेच थांबवून म्हणाली, “वंदे, दादाले हे मनावर नको घेऊ देऊ. मी गेली तं रडन तो. बावळट हाय.” दादा खरंच रडला. मातीला तो आला, खांदा दिला आणि कबरस्तानापर्यंत चालत गेला.

आम्ही बायका घरीच थांबलो होतो. म्हणून गेल्या आठवड्यात, चाळिसावा दिवस व्हायच्या आधी, मी पुन्हा गेले. फरहानाची वहिनी म्हणाली, वर जाऊन बघा, चाचा रोज तिथंच असतात. वरच्या खोलीत तिची गादी गुंडाळून ठेवलेली होती, चष्मा खिडकीत, आणि टेबलावर तारेनं जोडलेली दोन उघडी सर्किट. दोन्हींचे हिरवे दिवे लुकलुकत होते. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी तिनं लावून ठेवलेली चाचणी होती ती. एकानं पाठवत राहायचं, दुसऱ्यानं घेऊन तपासत राहायचं, मुद्दाम गर्दी करून. पडद्यावर मोजणी चालू होती. चुकांच्या रकान्यात शून्य होतं. तो आकडा बघायला आता कोणी येणार नव्हतं.

चाचा तिच्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, “दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर येऊन बसतो मी. बंद कराचं असते काय हे, बेटा? तुले समजते.” मला समजत होतं. बंद करायला काहीच हरकत नव्हती. मी म्हटलं, “असू द्या.”

आम्ही बसून राहिलो. मग लाईट गेली. पंखा रेंगाळत थांबला, खालची घरघर थांबली, पडदा काळा झाला. टेबलावरचे दोन्ही दिवे गेले. चाचा हलले नाहीत. खिडकीतून शेजारच्या मशिदीच्या मिनारावरच्या पारव्यांचा आवाज येत होता. मी उठावं की नाही, असा विचार करत होते...

पंखा फिरला. आधी एक दिवा लागला, थोड्या वेळानं दुसरा. दोन्ही काही क्षण तसेच जळत राहिले, एकमेकांना शोधत असल्यासारखे. मग एक लुकलुकला, दुसऱ्यानं उत्तर दिलं, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

“आली,” चाचा म्हणाले.